अली–फ्रेझर: १९७१ ची लढत बघावी की १९७५ ची?
भाच्याकडे एकच मोकळी संध्याकाळ आहे आणि त्याला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर या मुष्टियोद्ध्यांची एकच लढत बघायची आहे. न्यूयॉर्कची पहिली की मनिलाची तिसरी? (१९७४ ची दुसरी, बारा फेऱ्यांची, अलीने जिंकलेली, ती मी बाजूलाच ठेवतो.)

कौशल्य बघायचं तर ८ मार्च १९७१. तोवर दोघंही अपराजित. फ्रेझर कमरेत वाकून, डोकं डुलवत आत शिरतो आणि अलीच्या लांब हातांना जागाच ठेवत नाही. पंधराव्या फेरीतला त्याचा डावा हुक तर मागे नेऊन नेऊन बघावा. पार खालून उचललेला ठोसा जबड्यावर बसतो, अली पाठीवर आडवा होतो आणि पाहता पाहता उठतोही! निकाल मात्र फ्रेझरच्या बाजूने, एकमताने.

१ ऑक्टोबर १९७५ ला दोघांचेही पाय मंदावलेत. सकाळची वेळ, जीवघेणा उकाडा. सुरुवातीला अली वरचढ, मग फ्रेझर बरगड्यांवर घाव घालत सुटतो, शेवटी पुन्हा अली. चौदाव्या फेरीत फ्रेझरला येणारे ठोसे धड दिसतही नाहीत, इतके डोळे सुजलेत. प्रशिक्षक एडी फच त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू देत नाहीत. तिथे माझा गळा दर वेळी दाटून येतो.

डावपेच शिकायचे असतील त्याने १९७१ घ्यावी, माणसाची जिद्द कुठवर ताणते हे बघायचं असेल त्याने मनिला. भाचा नवखा आहे, त्याला मी न्यूयॉर्कचीच लावून देणार. मनिला बघण्याआधी या दोघांवर जीव जडलेला हवा.