ऊती की लाळ? तोंडाच्या कर्करोगातील प्रथिन-चाचण्या

प्रबंधाच्या तोंडावर एक मैत्रीण अडली आहे: आजार पुढे कसा वळेल हे सुचवणारी प्रथिने गाठीच्या ऊतीत शोधावीत की लाळेत?

नमुन्याच्या बाबतीत लाळ सरस. सुई नाही, जखम नाही, पुन्हा पुन्हा घेता येते. ऊतीसाठी बायोप्सी लागते, पण ती निदानासाठी होतेच. शिवाय बायोप्सीचे तुकडे पॅराफिन मेणात बसवून केलेले ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात, म्हणजे ज्यांचे पुढे काय झाले हे नोंदलेले आहे अशा जुन्या रुग्णांवर आजही काम करता येते. माझ्या लेखी ऊतीचा खरा फायदा हाच.

ऊतीत केआय-६७, पी५३, ईजीएफआर ही पेशींच्या वाढीशी संबंधित प्रथिने नेमकी कोणत्या पेशीत आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मात्र मोजणी बघणाऱ्यागणिक बदलते आणि एक तुकडा म्हणजे अख्खी गाठ नव्हे. लाळेतले आयएल-६, आयएल-८ हे दाहाशी संबंधित प्रथिन-रेणू एलायझाने (प्रथिनाचे प्रमाण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीने) थेट आकड्यांत मिळतात. पण हिरड्या सुजल्या तरी तेही वाढतात! नमुना लगेच बर्फात ठेवला नाही तर प्रथिने तुटतात, ते वेगळेच.

'अचूक भाकीत' वगैरे दावे सोडून द्या. कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या एजेसीसी या अमेरिकी पद्धतीच्या आठव्या आवृत्तीत मुखकर्करोगासाठी गाठ किती खोल रुतली आहे हा निकष आला, प्रथिन नाही. पी१६ हे प्रथिन आले ते घशाच्या कर्करोगासाठी.

वेळ कमी आणि जुने ठोकळे हाताशी असतील तर ऊती घ्यावी. उपचारानंतर त्याच रुग्णांचा वारंवार मागोवा घ्यायचा असेल तर लाळ, पण हिरड्यांची तपासणी नोंदवूनच.