सोलापूरच्या नवी पेठेतला नेटवर्किंगचा क्लास: पोर्ट नीट समजून घ्यायचे असतील तर लावा

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. गोडाऊनच्या पीसीवरनं बिलिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरला लागायचंच नाही, पिंग केलं (म्हणजे मशीन उत्तर देतं का बघायला नेटवर्कवरनं हाक मारली) तर रिप्लाय एकदम व्यवस्थित. ज्याला बोलावलं त्यानं केबल बदलली, स्विच बदलला, पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं. त्या वैतागात हा शनिवार-रविवारचा क्लास लावला.

दुसऱ्याच रविवारी सरांना विचारलं. म्हणाले, पिंग आयसीएमपी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं, त्यात पोर्ट (मशीनमधल्या ठरावीक सर्व्हिसपर्यंत पोचायचा नंबर) नसतोच, म्हणजे पिंग लागलं तर मशीन जागं आहे एवढंच कळलं, आतली सर्व्हिस ऐकतेय का ते नाही कळलं. सोमवारी गोडाऊनमधनं पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड टाकायच्या खिडकीत) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड 1433 पोर्ट देऊन चालवली, स्क्रीनवर पिंगसक्सीडेड ट्रू आणि खाली टीसीपीटेस्टसक्सीडेड फॉल्स, म्हणजे मशीन उत्तर देतंय पण तो पोर्ट लागत नाही! 1433 हा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा डिफॉल्ट पोर्ट, तो सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलनं (नको ती कनेक्शनं अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं) अडवलेला. फक्त आमच्या ऑफिसच्या आयपींपुरता (मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यांपुरता) इनबाउंड रूल, म्हणजे आत यायची परवानगी टाकली, लागलं की लगेच.

सरांचं शिकवणं मला फार आवडलं. आयपी म्हणजे आपला एसटी स्टँड आणि पोर्ट म्हणजे फलाट, स्टँडवर पोचलात म्हणून पंढरपूरची गाडी मिळाली असं नाही, फलाट बरोबर पाहिजे. फलाट 0 ते 65535, त्यातले 1023 पर्यंतचे ठरलेल्या सर्व्हिसेसचे, 80 एचटीटीपी (वेबसाइट), 443 एचटीटीपीएस (सुरक्षित वेबसाइट), 22 एसएसएच (लांबनं मशीनवर कमांड द्यायला). "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर बहुतेक वेळा मशीन आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये, आणि नुसतं टाइमआउट झालं तर मधे फायरवॉल गिळतंय का ते आधी बघायचं, हा फरक कळल्यापासनं माझा निम्मा वेळ वाचतोय. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कनेक्शन जोडायच्या हातमिळवणीचे सिन, सिन-ॲक, ॲक असे तीन पॅकेट जाताना डोळ्यांनी बघितले तेव्हा टीसीपी (आधी कनेक्शन जोडून मग डेटा पाठवायची पद्धत) कळलं, आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरनं आयपी सांगणारी सर्व्हिस) बहुतेक वेळा 53 वर यूडीपीनं, म्हणजे कनेक्शन न जोडताच, का विचारतं तेही, एवढ्याशा प्रश्नाला आधी हातमिळवणी कशाला.

एक गोष्ट त्यांनी कळकळीनं सांगितली, 3389 म्हणजे रिमोट डेस्कटॉप राउटरवरनं सरळ इंटरनेटला उघडू नका, व्हीपीएनमधनंच (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित बोगद्यातनं) या. आपल्याकडं बरेच जण घरनं टॅली बघायला हेच करून ठेवतात, कृपया आजच बंद करा.

कमी काय म्हणाल तर छापील नोट्स जुन्या आहेत, मेल पाठवायला फक्त 25 दिलाय, आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधनं पाठवायला आता 587 नाहीतर 465 वापरतात. आयपीव्ही6 (आयपी पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) एका तासात उरकलं ते मला पटलं नाही. लॅबमध्ये दोघांत एक पीसी, स्वतःचा लॅपटॉप न्या. आणि रविवारी संध्याकाळी नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, लांब लावून चालत जा.

आमच्या अकाउंट्सच्या मॅडमच्या मुलाला पुढच्या बॅचला मीच पाठवतोय.