व्हॅलोरंट आणि सीएस२ साठी ५७००एक्स३डी : हिवाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुमच्याकडे एएम४ सॉकेटचा (एएमडीच्या जुन्या रायझन प्रोसेसरांचा) बोर्ड असेल आणि तुमचा बहुतेक वेळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ (सीएस२) या नेमबाजीच्या खेळांत जात असेल, तर नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी प्रोसेसर बदला. मी २०२५ च्या सुरुवातीला रायझन ५ ३६०० काढून रायझन ७ ५७००एक्स३डी बसवला. बी४५० बोर्ड तोच ठेवला, आरटीएक्स ३०६० कार्ड तेच, १६ जीबी डीडीआर४ रॅमही तीच. नवीन घेतलं ते फक्त एक टॉवर कूलर आणि २४० हर्ट्झचा मॉनिटर. नागपूरचा अख्खा उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीच्या सुट्टीतले रात्री उशिरापर्यंतचे सामने या मशीनवर झालेत, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येतंय.

जुन्या प्रोसेसरवर सरासरी एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम्स, म्हणजे चित्रं) वाईट नव्हते. सीएस२ मध्ये रिकाम्या मॅपवर फिरताना दोनशेच्या आसपास दिसायचे. त्रास व्हायचा तो नेमका चकमकीच्या वेळी. सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस२ आला तेव्हा स्मोक, म्हणजे ग्रेनेडचा धूर, पूर्णपणे बदलला. तो आता जागा भरत पसरतो, गोळीने फाटतो, ग्रेनेडने दूर सरकतो. दिसायला सुंदर, पण संगणकाला तेवढंच काम. बॉम्बसाइटवर दोन स्मोक, एक मॉली (आगीची बाटली) आणि पाच-सहा खेळाडू एकत्र आले की आकडा धाडकन शंभराच्या खाली. म्हणजे ज्या अर्ध्या सेकंदात राउंड ठरतो, नेमका तोच अर्धा सेकंद अडखळणारा.

म्हणून सरासरी एफपीएसवर विसंबून खरेदी करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. २४० हर्ट्झच्या पडद्यावर नवं चित्र दर ४.१७ मिलिसेकंदांनी यायला हवं. मध्येच एखादी फ्रेम २० मिलिसेकंद घेऊन आली, तर पडदा तेच जुनं चित्र जवळपास पाचदा दाखवतो. सेकंदाची सरासरी काढली तर ही फ्रेम कुठे दिसतही नाही, पण हाताला ती लगेच कळते. नेम धरताना माउस क्षणभर जड झाल्यासारखा वाटतो. मोजायचा तो वन पर्सेंट लो, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग. कॅपफ्रेमएक्स या प्रोग्राममध्ये तो फुकट मोजता येतो आणि फ्रेम टाइमचा आलेखही मिळतो. आलेख सपाट असला की खेळ गुळगुळीत चालतो, मग सरासरी थोडी कमी असली तरी चालेल.

५७००एक्स३डी चा सगळा जोर त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच झटपट मेमरीत आहे. घड्याळाचा वेग तर बेताचाच, ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत. पण या खेळांत आपण ग्राफिक्स खालच्या सेटिंगवर ठेवतो, कार्ड आपलं काम झटपट उरकतं आणि पुढची फ्रेम तयार होण्याची वाट बघत बसतं. कोण कुठे उभा आहे, गोळी कशाला लागली, पावलांचा आवाज कुठून यायला हवा, सर्व्हरकडून काय आलं, हा हिशेब प्रोसेसरचा. त्यासाठी लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही की रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्या फेरीला कित्येक पट जास्त वेळ लागतो. ३६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी होती, पण १६-१६ अशी दोन गटांत विभागलेली. तीन कोअरना एक हिस्सा, उरलेल्या तिघांना दुसरा. ५७००एक्स३डी मध्ये आठही कोअरना मिळून ९६ एमबी. मोठा ओटा मिळाला की सारखं कोठीघरात जावं लागत नाही, तसंच हे.

फरक किती पडला? माझ्या मशीनवर सीएस२ ची सरासरी साधारण दीडपट झाली. पण मला ज्याचं अप्रूप आहे तो वन पर्सेंट लो. पूर्वी धुरात तो सत्तर-ऐंशीवर यायचा, आता सव्वाशेच्या खाली क्वचित जातो. व्हॅलोरंट तर आधीही हलकाच होता, आता चकमकीतसुद्धा तीनशेच्या वरच राहतो. जुलै २०२५ मध्ये व्हॅलोरंट अनरिअल इंजिन ५ वर गेला तेव्हा थोडी धाकधूक होती, पण माझ्याकडे काहीच बिघडलं नाही. माझा धाकटा भाऊ आकडे बघत नाही. पहिल्याच संध्याकाळी व्हॅलोरंटमध्ये जेट हे पात्र घेऊन खेळून उठला आणि म्हणाला, “दादा, आता ऑप उघडताना पडदा अडकत नाही.” ऑप म्हणजे ऑपरेटर, खेळातली दुर्बिणीची स्नायपर बंदूक.

बसवण्याआधी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावंच लागतं, नाहीतर बी४५० बोर्ड हा प्रोसेसर ओळखतच नाही. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. अपडेटनंतर बायोसमधल्या सेटिंग मूळ जागी येतात, हे लक्षात ठेवा. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी बंद होतं. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंगही बंद झालेली असू शकतात, आणि विंडोज ११ वर व्हॅन्गार्डला (व्हॅलोरंटच्या चीट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) ही दोन्ही लागतात. व्हॅलोरंट उघडताना व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा कोड दिसला तर आधी हेच तपासा. अजून एक. जुन्या बायोसमध्ये एफटीपीएममुळे मधूनच सगळं क्षणभर थिजायचं, आवाजसुद्धा. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य करून नव्या बायोसमध्ये दुरुस्त केलं. तेव्हा चांगल्या मशीनवर अधूनमधून झटका बसत असेल, तर कार्डावर संशय घेण्याआधी बायोसची तारीख बघा.

रॅमबद्दल लोक फार बेफिकीर असतात. माझ्या मित्राकडे कोअर आय५ १२४००एफ आहे, सहा कोअरचा उत्तम प्रोसेसर. पण असेंबल करून देणाऱ्या दुकानाने १६ जीबीची एकच स्टिक टाकून दिली होती, तीही एक्सएमपी न लावता. आठ-आठच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या, एक्सएमपी चालू केलं, आणि त्याचे झटके बरेचसे गेले. खर्च अगदी किरकोळ. एक्स३डी प्रोसेसरला रॅमच्या वेगाची एवढी गरज नसते, पण दोन स्टिक त्यालाही हव्यातच.

आता उन्हाळा. या प्रोसेसरमध्ये कॅशची चकती कोअरच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला अडथळा होतो. तापमानाची मर्यादा ९० अंश आहे, आणि डब्यात कूलर येत नाही. हिवाळ्यात खेळताना साठीत असणारं तापमान मे महिन्यात थेट ऐंशीपर्यंत गेलं. बाहेर पंचेचाळीस, खोलीत अडतीस, त्याला कूलर तरी काय करणार? खोली जेवढी तापते तेवढाच प्रोसेसर वर जातो. माझ्या बोर्डच्या बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. त्याने व्होल्टेज थोडं उतरवल्यावर पाच-सहा अंश कमी झाले आणि वेगात काही फरक पडला नाही. विदर्भातल्यांना खास सांगणं : डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ती दमट हवा आणि धूळ मिळून पंख्यांवर चिखलासारखा थर बसतो. पुढे जाळीचं कॅबिनेट घ्या आणि जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करा. काचेच्या बंद पुढ्याची कॅबिनेटं दिव्यांमुळे छान दिसतात, पण नागपुरात मी ती कोणालाही घेऊ देणार नाही.

मॉनिटर २४० हर्ट्झचा आहे, साडेचोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस. १४४ वरून २४० ला गेल्यावरचा फरक ६० वरून १४४ एवढा मोठा नाही, हे स्पष्ट सांगतो. पैसे कमी असतील तर १४४ किंवा १६५ वर थांबा आणि उरलेले प्रोसेसरला द्या. डिस्प्लेपोर्टची केबल लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. कित्येकांचे महागडे मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वरच चालतात. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी मॉनिटरची सेटिंग) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवू नका, हलत्या खेळाडूच्या मागे उलटी पांढरट सावली दिसायला लागते.

सीएस२ मध्ये मी जी-सिंक, व्ही-सिंक (हे दोन्ही कार्ड आणि पडद्याचा ताळमेळ राखतात) आणि रिफ्लेक्स (क्लिकपासून पडद्यापर्यंतचा उशीर कमी करणारं) तिन्ही चालू ठेवतो. तसं केलं की २४० च्या पडद्यावर खेळ आपोआप २२५ वर स्थिर होतो. आकडा कमी दिसतो म्हणून लोक हे बंद करतात, पण ताणलेल्या सामन्यात मला स्थिर २२५ जास्त आवडतात. व्हॅलोरंटमध्ये मात्र फक्त रिफ्लेक्स, बाकी मोकळं.

माउस हलका आणि हाताच्या मापाचा असावा, १००० हर्ट्झ पुरेसे आहेत. इंटरनेट वायरने घ्या, वायफायवरचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सरासरीत चांगला दिसला तरी मध्येच उसळतो. आमच्याकडून मुंबई सर्व्हरला तीस मिलिसेकंदांच्या आसपास मिळतो आणि त्याबद्दल काही तक्रार नाही.

नवीनच मशीन बांधणाऱ्यांनी एएम४ च्या मागे लागू नये. त्यांनी एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर रायझन ५ ७६०० ने सुरुवात करावी. पुढे ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी त्याच बोर्डवर बसतो. आणि ज्यांना कथाप्रधान, मोठ्या ग्राफिक्सचे खेळ १४४० पी वर खेळायचे आहेत त्यांच्यासाठी हा सल्ला उलटा होतो, तिथे पैसे कार्डातच घाला.

५७००एक्स३डी नवा मिळणं आता अवघड झालंय, त्यामुळे बरेच जण सेकंड हँड बघतील. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, म्हणून उलटा करून उजेडात प्रत्येक ओळ बघा, वाकलेली पिन लगेच दिसते. आणि घरी जुना प्रोसेसर काढताना आधी थोडा वेळ गेम चालवून कूलरखालची पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करा, प्लग काढा, कूलरचे स्क्रू सोडवा आणि तो डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक असलेल्या सॉकेटमधून कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना तिथेच वाकतात.