इंजिन गेलं, गॅरेजवाला हात वर करतोय: बसून मिटवायचं की ग्राहक आयोगात जायचं?

गाडी दाखवली, पाणी कमी होतंय म्हणून सांगितलं, बिल भरलं, आणि आठ-पंधरा दिवसांत इंजिन बसलं. मग मिस्त्री म्हणतो, "आमच्याकडून गेली तेव्हा ठणठणीत होती." खानदेशात उन्हाळ्यात हे दर दुसऱ्या घरी ऐकू येतं. अशा वेळी मुख्यतः दोन रस्ते उरतात, गॅरेजशी बसून मिटवणं किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, आणि आमच्या घरात दोन्ही वापरून झालेत. मी पहिल्यानं गेलो, माझे साडू दुसऱ्यानं.

माझी गाडी एप्रिलात कन्नड घाटात उभी राहिली. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला, बॉनेटमधून वाफ आली. आठच दिवसांपूर्वी चाळीसगावात सर्व्हिसिंग केलं होतं आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सारखं घालावं लागतंय हे तोंडी सांगितलं होतं. तिथला पोरगा हसून म्हणाला होता, "काई नई भाऊ, उन्हायाना दिन शेतस, पानी कमी व्हसच." मीही मान डोलावली. खरं तर कूलंटची सिस्टीम बंद असते. बाहेर ४५ अंश असलं तरी त्यातलं पाणी उन्हानं आटत नाही. रोज कमी होत असेल तर ते कुठूनतरी गळतंय नाहीतर इंजिनात जातंय. गळती शोधणारा प्रेशर टेस्टर लावला असता तर पंधरा-वीस मिनिटांत संशय आला असता. गाडी टो करून खाली आणली आणि दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन ऑइलचं झाकण फिरवलं, तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळट फेस. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची (हेडखालची) सील, गेलेलं, आणि हेड बेंड.

साडूंचं प्रकरण वेगळं. त्यांच्या गाडीचा ऑइलचा दिवा चालू-बंद व्हायचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं नुसतं ऑइल बदलून गाडी दिली, आणि पारोळ्याच्या अलीकडे इंजिन सीझ झालं, म्हणजे आतून जाम झालं. पण त्यांच्या जॉब कार्डवर (गाडी घेताना तक्रारी लिहून घेतात तो कागद) पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: "ऑइल प्रेशर लाईट लागते." माझ्या कार्डवर फक्त "जनरल सर्व्हिस".

सगळा फरक या एका ओळीनं पडतो. आयोगात सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची असते. इंजिन बिघडलं एवढ्यानं गॅरेज दोषी ठरत नाही. लक्षण सांगितलं होतं, साध्या तपासणीत ते सापडण्यासारखं होतं, आणि नुकसान त्यातूनच झालं, ही साखळी जोडावी लागते. काटा लाल दिसत असताना तुम्ही गाडी पुढे दामटली असेल, तर तेही तुमच्या अंगावर येतं.

आता पैशांकडे बघू. माझा एकूण अंदाज ३६ हजारांचा होता: मजुरी आणि हेडचं फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं) मिळून ११, सामान २५. दोन दिवस गॅरेजवर जाऊन बसलो, ओळखीचे एक काका मध्ये घेतले. मालकानं मजुरी-फेसिंग सोडलं, सामान निम्मं-निम्मं केलं. मला साडेबारा हजारांचा फटका बसला, पण नवव्या दिवशी गाडी दारात होती. साडूंना आयोगानं दुरुस्तीचा बहुतेक खर्च आणि मानसिक त्रासापोटी वेगळी रक्कम दिली, पण त्याला दीड वर्षाच्या वर लागलं आणि तोवर दुरुस्तीचे पैसे त्यांनाच घालावे लागले. कायद्यात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय. त्या भरवशावर घरातलं बजेट आखू नका.

तरी आयोगाची वाट लोक समजतात तितकी खर्चिक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडी नाशिकला दुरुस्त केली आणि घर शहाद्याला असेल, तर नंदुरबारला दाखल करा. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील बंधनकारक नाही, तक्रार ऑनलाइनही जाते. हरलेल्या गॅरेजला अपील करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण मोठ्या कंपनीचं सेंटर असेल तर तेवढ्यानंही वरून फोन फिरतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवर त्याचा फारसा परिणाम होईल असं मला वाटत नाही.

उलट कोपऱ्यावरच्या गॅरेजशी तडजोड सोपी, कारण मालक समोर बसलेला असतो आणि त्याला गावात धंदा करायचा असतो. सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर बहुधा पुढच्या बिलात सूट देऊ करतो. ज्यांच्यावरचा विश्वास उडाला, त्यांच्याकडेच परत गाडी नेण्याची ती सूट माझ्या मते घेऊ नये.

कुठल्याही वाटेनं जा, इंजिन खोलायच्या आधी थांबा. ही चूक मी डोळ्यांनी पाहिलीय: लोक घाईनं दुसरीकडे हेड उतरवतात, जुनं गॅस्केट भंगारात जातं आणि पुरावाच संपतो. पहिल्या गॅरेजला लेखी कळवा की अमुक दिवशी गाडी खोलणार आहोत, येऊन बघा. व्हॉट्सॲप चालेल, स्पीड पोस्ट त्याहून बरं. खोलताना व्हिडिओ काढा, काढलेले पार्ट पिशवीत घालून ठेवा, आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून बिघाडाचं कारण सहीनिशी लिहून घ्या. तो सही द्यायला कचरत असेल, तर आयोगाचा विचार करताना हा अडथळा आधी मोजा. विम्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

बिल दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही असं गॅरेजवाले म्हणाले, तर केलेल्या कामापुरता तो हक्क त्यांना १८७२ च्या करार कायद्यानं आहे. भांडत बसू नका. "हरकत राखून रक्कम भरत आहे" असं बिलावर लिहून गाडी सोडवा. आणि तडजोडीच्या कागदावर "यापुढे कोणताही दावा नाही" ही ओळ असेल, तर पैसे हातात पडल्याशिवाय सही करू नका. ती सही झाली की आयोगाचा दरवाजा जवळपास बंद होतो.

दोन्ही बाजूंना थोडं-थोडं सोडायचं आहे पण एकमेकांच्या शब्दावर भरवसा नाही, अशांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोकअदालत आहे. फी नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखा पाळावा लागतो. त्यावर अपील नाही. मात्र दोघंही राजी हवेत.

रावेर-यावलकडे केळीची पिकअप चालवणारे मला विचारतात, आमची धंद्याची गाडी, आम्ही ग्राहक का? स्वतः चालवून त्यावरच घर चालत असेल तर सहसा हो, तुम्ही ग्राहक धरले जाता. पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर असतील तर समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल. एकुलत्या पिकअपवाल्याला मी तरीही आधी तडजोडच सांगतो, कारण हंगामात गाडी महिनाभर उभी राहिली तर बुडणारी भाडी निकालाच्या रकमेहून जास्त होतात. नोकरदाराची घरची गाडी, जॉब कार्डवर तक्रार लिहिलेली आणि नुकसान लाखाच्या घरात असेल, तर सरळ आयोगात जा. मुदत २ वर्षांची आहे, आणि मालकानं फोनवर दिलेल्या "बघतो, करतो" नं ती वाढत नाही.