बालविकासाच्या पैशाचा अभ्यास: इंटर्नशिप सोलापुरात की मुंबईत?

अर्थशास्त्रात एम.ए. करून सहा वर्षांखालील मुलांवरच्या सरकारी खर्चाचा अभ्यास करायचाय, तर दोन वाटा दिसतात: सोलापूर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, नाहीतर मुंबईतली अर्थसंकल्पावर काम करणारी एखादी संस्था.

मुंबईत राज्याचं अख्खं चित्र समोर येतं. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय लागते. पुढे नोकरीला ती फार उपयोगी. पण राहण्याजेवणाचा खर्च विद्यावेतनातून भागतो का, हे आधीच विचारून घ्या.

सोलापुरात एकच आकडा खोलवर कळतो. अंगणवाडीतल्या पूरक पोषणासाठी 2017 मध्ये दर बालकामागे दिवसाला 8 रुपये ठरले, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. आता अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या अंगणवाडीत बसा. डाळ, तेल, इंधन यांचा हिशेब त्या 8 रुपयांत बसवून पाहा. सेविकाताईंचं हजेरीचं रजिस्टर उघडा, मग बिल पर्यवेक्षिकेकडून बालविकास प्रकल्प कार्यालयात कसं जातं ते बघा. निधी कुठे अडतो, हे मंत्रालयातल्या तक्त्यात दिसत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या वस्त्या नागरी बालविकास प्रकल्पात येतात, जिल्हा परिषदेकडे नाहीत.

माझं स्पष्ट मत: आधी सोलापूर. मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस नंतरही पकडता येईल.