अंगणातले खेळघर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी कोजागिरीच्या आठवड्यात तळेगाव दाभाडे येथील आमच्या घराच्या अंगणात नातवंडांसाठी प्लास्टिकचे खेळघर उभे राहिले. तेव्हा नात तीन वर्षांची होती आणि नातवाला नुकतेच सहावे संपले होते. आता गणपती उठले आहेत. थंडी, उन्हाळा आणि मावळातला पुरा पावसाळा त्या घराने सोसला आहे, त्यामुळे ते घेण्याजोगे आहे का, हे सांगण्याइतका अनुभव माझ्यापाशी जमला आहे असे वाटते. घेण्यापूर्वी मी जे अभिप्राय वाचले ते बहुतेक जोडणीनंतरच्या दोन-चार दिवसांत लिहिलेले होते आणि त्यांत रंग किती सुरेख, खोके किती लवकर पोहोचले, एवढेच होते. मला वाचायचे होते ते मे महिन्याबद्दल आणि जुलैबद्दल.

आधी निर्णय सांगते. अडीच ते पाच वर्षांचे मूल, त्याच्या सोबतीला भावंड किंवा शेजारचे एखादे मूल, आणि दुपारी सावली येईल अशी किमान सहा फूट लांबरुंद जागा, या तिन्ही गोष्टी असतील तर खेळघर जरूर घ्यावे. सावली नसेल तर आधी तिची सोय करावी आणि ती होणार नसेल तर घेऊ नये. एकट्या सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तर मुळीच घेऊ नये.

मी तीस वर्षे बालवाडीत शिकवले. त्यामुळे सूनबाईने हा विषय काढला तेव्हा मी तिला म्हटले की आधी खोके आणून पाहू. शेजारी नवा फ्रिज आला होता, त्याचे खोके मागून आणले, सुरीने दोन खिडक्या आणि एक दार कापले आणि ते व्हरांड्यात ठेवून दिले. पहिले दोन दिवस नवलाईचे असतात, ते मोजायचे नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मूल आपण होऊन आत जाते का, आत किती वेळ रमते आणि जाताना काय घेऊन जाते, हे पाहायचे. आमची नात चौथ्या दिवशी पाटी, उशी आणि बाहुली घेऊन आत राहायला गेली. आठव्या दिवशी दवाने खोके बसले तेव्हा ती इतकी रडली की पुढे चर्चा उरलीच नाही. ज्यांचे मन होत नाही त्यांनी ही परीक्षा अवश्य घ्यावी. तिला एक पैसा लागत नाही.

खेळघर १४,८०० रुपयांना पडले. त्याखाली शहाबादी फरशी बसवून घ्यायला मजुरीसह ४,२०० आणि वर शेडनेट ताणण्यासाठी लोखंडी पाइपांची चौकट करून घ्यायला २,६०० रुपये लागले, म्हणजे एकूण २१,६००. छापील किमतीवर जवळजवळ निम्मा खर्च वर होतो, हे धरूनच निघावे. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळीच पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत. चिन्हाखालच्या परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर घालून तपासता येतो. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या खोक्यावर चिन्हच नव्हते आणि विचारल्यावर दुकानदाराने ‘हे खेळणं नाही, बागेचं सामान आहे’ असे उत्तर दिले. आम्ही तिथून उठलो.

जोडणीला मुलगा आणि आमचे हे, दोघांना मिळून तीन तास लागले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. जागा निवडण्यात मात्र चूक झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुले दिसावीत म्हणून आम्ही ते अंगणाच्या मधोमध, उघड्यावर ठेवले. थंडीत ते छान होते. सकाळच्या कोवळ्या उन्हात मुले तासतासभर आत बसत. मार्च लागला आणि दुपारचे खेळ बंद पडले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन वाजता मी भिंतीवरचा तापमापक काढून आत टांगला, तेव्हा व्हरांड्याच्या सावलीत पारा ३८ अंशांवर होता आणि खेळघरात ४५ वर गेला. छप्पर लाल, भिंती पोकळ, खिडक्या दोनच आणि त्याही एकाच बाजूला, मग गरम हवा जाणार कुठे? शेडनेट बांधल्यावर तोच पारा चाळिशीच्या आसपास राहू लागला आणि चार वाजल्यानंतर मुले पुन्हा जाऊ लागली. खिडक्या समोरासमोर असलेले आणि फिकट छपराचे घर मिळत असेल तर त्याला हजार रुपये जास्त मोजावेत.

मुले त्या घराचे काय करतात, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, आणि ते अकरा महिन्यांत तीनदा बदलले. पहिला महिना गर्दीचा होता. चार फूट लांबरुंद जागेत कॉलनीतली पाच-सहा मुले दाटीवाटीने बसत आणि संध्याकाळी भांडून घरी जात. जानेवारीपर्यंत नातू त्यातून उठला. जाहिरातीत दिलेली उंची ही छपराच्या टोकाची असते, दाराची नसते. आमच्या घराचे दार १०० सेंटिमीटरचे आहे आणि नातू ११७ सेंटिमीटरचा. दोनदा कपाळ आपटल्यावर तो सायकलीकडे वळला. घेताना टेप लावून दार मोजा आणि मुलाची दोन वर्षांनंतरची उंची डोळ्यांसमोर आणा, हे मी प्रत्येकाला सांगते.

त्यानंतर काही आठवडे ते घर एकट्या नातीचे झाले आणि ती आत बसून मोठ्या माणसांसारखे बोलू लागली. ओट्याशी भाजी चिरताना मला ऐकू येई, ‘अहो, गॅस संपला वाटतं, नंबर लावा ना.’ पाठोपाठ तीच जाड आवाज काढून उत्तर देई. वर्गात कोणी ऐकत आहे म्हटले की मुले असे बोलत नाहीत; चार भिंती आणि एक दार मिळाले की बोलतात. तीन-साडेतीनच्या वयात भाषा अशीच घोळून पक्की होते, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे. हा एक लाभ जरी धरला तरी माझे पैसे वसूल झाले.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिने खिडकीचे दुकान केले. मी कौतुकाने दार उघडून आत डोकावले तर मला बाहेर थांबवण्यात आले. ‘आजी, आत नाही यायचं. दुकान आहे ना! खिडकीतून मागायचं.’ मी पाव किलो साखर मागितली. तिने माझ्या जुन्या भातुकलीतल्या पितळी मापाने वाळू मोजली, बदामाच्या पानात बांधली, माझ्याकडून घेतलेले मूठभर चिंचोके ‘एक, दोन, चार’ असे मोजून डब्यात टाकले आणि दोन चिंचोके सुट्टे म्हणून परत दिले. दोन दिवसांनी नातू परतला, पण आत नाही. तो दुकानाला माल पुरवू लागला. पेरूच्या झाडाखालून वाळू, खडे आणि वाळकी पाने पिशवीत भरून सायकलीवरून आणायची, खिडकीत उतरवायची आणि हिशेब मांडायचा. दारात न मावणारा मुलगा खिडकीमुळे खेळात राहिला. म्हणून माझ्या मते अशा घराचा सर्वांत उपयोगी भाग म्हणजे रुंद कट्टा असलेली, जमिनीपासून दोन फुटांवरची खिडकी. ती नुसती चित्रापुरती असेल तर ते घर सोडून द्यावे.

सोबत मिळालेली प्लास्टिकची शेगडी, भिंतीला चिकटवलेला नळ आणि वाजणारा फोन यांना मात्र कोणी हात लावला नाही. फोनची बॅटरी डिसेंबरात संपली, ती आजतागायत कोणी बदलून मागितलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, शिंपले, पाने, खडे अशा आसपासच्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. आम्ही शिकवायला लागलो ते त्यांचाच कित्ता पुढे ठेवून. तरीही दुकानात त्या शेगडीला मी भुलले, याचे मला वाईट वाटते. शेगडीची शेगडीच होते; चिंचोक्याचा रुपया होतो, गोळी होते, बाळाचा डोळाही होतो. स्वयंपाकघराविना येणारा साधा नमुना साधारण दोन हजारांनी स्वस्त होता आणि तोच घ्यायला हवा होता.

आता पावसाळा. मे महिन्यातल्या पहिल्याच वळवाने सगळे घर फरशीवरून हातभर सरकवले. त्याचे वजन जेमतेम २२ किलो आहे आणि भिंती वारा धरतात. मग फरशीत चार बोल्ट बसवून ते जखडले; हे पहिल्या दिवशीच करायला हवे. छप्पर सांध्यात थोडे गळते, पण त्याचे मुलांना काही वाटत नाही. खरे संकट निघाले खिडकीखालच्या फुलांच्या कुंडीत. भिंतीतच ओतलेला तो एक सुबक कोनाडा आहे, त्याला तळाशी भोक नाही. जुलैच्या मध्यावर तिथले पाणी मी वाटीने उपसले आणि वाटी उन्हाकडे धरली, तर केसासारख्या बारीक काळपट अळ्या वरखाली करत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. ज्या खिडकीशी माझी नात सकाळ-संध्याकाळ बसत होती, तिच्या खाली हाताच्या अंतरावर हे चालले होते. त्या दिवशी माझे जेवणात लक्ष लागले नाही. मुलाने संध्याकाळी ड्रिलने कुंडीला तीन आणि पोकळ भिंतींच्या तळाला प्रत्येकी दोन भोके पाडली. तेव्हापासून पाणी थांबलेले नाही. तुमच्या घराला कुंडी, पन्हळ किंवा पोकळ भिंत असेल तर पावसाची वाट न पाहता भोके पाडून घ्या.

आमच्या खेळघराला स्वतःचा तळ नाही, ते सरळ फरशीवर उभे आहे, आणि ते बरे झाले. तळ असलेल्या नमुन्यांत खाली पोकळी राहते आणि पावसाळ्यात तिथे बेडूक येतात, बेडकांमागे साप येतात. तरीही रोज सकाळी मुले जाण्यापूर्वी मी काठीने कोपरे आणि छपराची आतली बाजू पाहते. आतापर्यंत कुंभारमाशीने मातीची दोन घरटी केली आणि एकदा गांधीलमाश्यांनी सुरुवात केली होती. फरशीवर शेवाळ धरते, ते आठवड्याला खराट्याने घासावे लागते. या कामाला रोजची पाच आणि रविवारची वीस मिनिटे जातात. एवढा वेळ देणारे माणूस घरात नसेल तर खरेदीचा पुन्हा विचार करावा.

दाराची प्लास्टिकची बिजागरी मे अखेरीस तुटली. विक्रेत्याकडे तीनदा फोन केला, छायाचित्रे पाठवली; ‘हमी फक्त जोडणीतल्या दोषाची आहे’ हे उत्तर यायला महिना लागला आणि सुटी बिजागरी मिळतच नाही असे कळले. अशा वस्तूंचे सुटे भाग मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. आम्ही दार काढून ठेवले आणि माझ्या जुन्या नऊवारीचा तुकडा पडद्यासारखा लावला. झाले ते एका अर्थी बरेच झाले, कारण त्या दाराच्या फटीत शेजारच्या मुलाचे बोट एकदा चिमटले होते. बिजागरीच्या बाजूची फट एकतर करंगळीही शिरणार नाही इतकी अरुंद हवी, नाहीतर बोट मोकळे निघेल इतकी रुंद. दाराला आतून किंवा बाहेरून लागणारी कडी कधीही असू नये.

रंगाबद्दल थोडक्यात. दक्षिणेकडचे छप्पर लालाचे गुलाबी झाले आहे, चिकटचित्रे सोलली आहेत, पण ओला काळा रुमाल घासला तर अजून पांढरी भुकटी लागत नाही. ती लागू लागली की प्लास्टिक उन्हाने कुजायला लागले असे समजावे.

लाकडी घराचा विचार आम्हीही केला होता. आमच्या सुताराने सागवानाचे ४२,००० आणि प्लायचे २६,००० सांगितले होते. लाकूड उन्हात कमी तापते, दार हवे तेवढे उंच करता येते आणि मोडले तर तोच सुतार येऊन दुरुस्त करतो. हे तिन्ही फायदे आज मला तेव्हापेक्षा मोठे वाटतात. मात्र तळेगावच्या पावसात प्लाय वापरायचे तर आयएस ७१० खुणेचेच, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, घ्यावे आणि लाकूड मातीला टेकू देऊ नये, कारण वाळवी तिथूनच चढते. रंग नव्या डब्यातला असावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे माळ्यावर पडलेला जुना डबा मुलांच्या वस्तूला लावू नये. मुले खिडकीचा कट्टा चाटतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी चाफ्याच्या सावलीत आधी फरशी घालीन, सुताराकडून सव्वाशे सेंटिमीटरचे दार आणि समोरासमोर दोन रुंद खिडक्या करून घेईन आणि दाराला पहिल्यापासून पडदाच लावीन. तूर्त दिवाळीपूर्वी हेच घर चाफ्याखाली हलवायचे ठरले आहे. नातवाने किल्ला यंदा दुकानाशेजारी करायचा म्हणून जागा मागितली आहे, तेव्हा नवी फरशी दोन फूट जास्त घालतो आहोत.