उन्हाळी मैफलींचा सीझन पास, बाबांच्या कानातल्या मशीनसकट

पाडव्याच्या आधी पास काढला होता, आता जून संपत आला, म्हटलं लिहूनच टाकावं. कारण पास घ्यायच्या आधी मी स्वतः शोध शोध शोधलं की कोणी धड अनुभव लिहिलाय का, तर सगळीकडे "छान कार्यक्रम, पार्किंग नाही" एवढंच. पार्किंग नाही हे खरंय, त्यावर नंतर येते.

सभागृहाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं चांगली आहेत. कर्वे रोडच्या आतल्या बाजूला एका ट्रस्टचा हॉल आहे, दोनेकशे खुर्च्या, पुढे सतरंज्यांवर भारतीय बैठक, बाहेर व्हरांडा आणि एक मोठं आंब्याचं झाड. ओळखणारे ओळखतील. शनिवारी संध्याकाळी साडेसहा, मधे दोन रविवार सकाळचे, असे मिळून १२ कार्यक्रम. पास २४०० रुपयांचा, ज्येष्ठांना १८००. मी आणि बाबा असे दोघं. नवरा एकदा माझ्या पासवर येऊन बैठकीवर चक्क झोपला, त्यामुळे त्याचं मत यात धरलेलं नाही.

आता बाबांबद्दल सांगायलाच लागेल, नाहीतर बाकीचं कळणार नाही. बाबा ७६ वर्षांचे. सवाई गंधर्वला रमणबागेत पांघरूण आणि थर्मास घेऊन रात्र रात्र बसलेला माणूस. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आला, त्या पहाटेपर्यंतच्या बैठका गेल्या, आणि तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद, की पुण्यात आता सकाळचे राग फक्त दिवाळीत मिळतात, करंज्यांबरोबर. गेल्या वर्षी दोन्ही कानांना मशीन लागलं आणि गाणं ऐकणं हळूहळू बंदच झालं. विचारलं की "आता पहिल्यासारखं गात नाहीत कोणी" म्हणायचे. आम्हाला वाटलं वयाचा चिडचिडेपणा. पास खरं तर त्यांना घराबाहेर काढायला घेतला होता.

पहिल्या शनिवारी सतार होती, ते गप्प बसून होते, मला वाटलं रमलेत. दुसऱ्या शनिवारी एक बाई गायल्या, यमन, विलंबित एकताल. काय सुंदर षड्ज, म्हणजे सा, लावला हो त्यांनी, नुसता धरून ठेवला, हॉलमधे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत बाबा (मशीन लावणाऱ्यांना स्वतःचा आवाज किती मोठा येतोय ते कळत नाही) खणखणीत म्हणाले, "हिचा सा हलतोय गं!"

पुढच्या तीन रांगा वळल्या. मी पर्समधे काहीतरी शोधायला लागले.

मध्यंतरात मी चिडून काही बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, "आणि त्या दोन मुलींच्या हातात तंबोरे कशाला दिलेत, वाजवत तर नाहीयेत." दोघीही व्यवस्थित वाजवत होत्या. मी समोर बसून ऐकत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गाणारे बिघडलेले नाहीत, हे मशीनचं प्रकरण आहे.

सोमवारी ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते, कोणाच्या घरी उपयोगी पडेल. ही डिजिटल मशीन मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. बोलणं तुटक असतं, वरखाली होतं. जो आवाज एकसारखा, न थांबता येतो तो मशीन पंखा, एसी, गाडीचं इंजिन समजून दाबतं. आता तंबोऱ्याइतकं एकसारखं दुसरं काय असतं? तो गेला पंख्याच्या खात्यात. आणि मशीन स्वतः कधी कधी शिट्टी मारतं ना, ती दाबून टाकायची सोय आत असते. लांबलेला स्थिर सूर आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, मग ते तो सूर खोडायला बघतं आणि कानात तो थरथरल्यासारखा येतो. म्हणजे बाई जितका स्थिर सा लावणार तितका तो बाबांना हलताना ऐकू येणार! वर्षभर त्यांना सगळे चांगले गवई बेसूर ऐकू येत होते आणि आम्ही त्यांना खडूस म्हणत होतो.

उपाय साधा निघाला. मशीनमधे गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेतला, त्यात तो आवाज दाबणारा आणि शिट्टी खोडणारा असे दोन्ही उद्योग बंद किंवा अगदी कमी, बटण दाबून ठेवलं की चालू. वेगळे पैसे पडले नाहीत, फक्त मागायला लागतं, आपणहून कोणी सांगत नाही. एक गोष्ट त्यांनी बजावली, की स्पीकरच्या समोर बसू नका, फार मोठा आवाज आला तर मशीनच्या माईकपाशीच तो फाटतो, मग प्रोग्रॅम कुठलाही असो.

तर पुढचे दोन शनिवार आमचं जागा शोधणं चाललं होतं. बाबा दर मध्यंतरात उठून दुसरीकडे. स्वयंसेवक मुलं आधी वैतागली, मग एकाला कारण सांगितलं तर तोच शोधायला लागला. सापडली ती जागा म्हणजे सहावी रांग, डावीकडे, भिंतीपासून तिसरी खुर्ची. स्पीकरचा झोत डोक्यावरून जातो आणि स्टेजवरचा मूळ आवाजही थोडा येतो. तिथे बसून बाबांनी एप्रिलच्या शेवटी एका मैफलीत माझ्या कानाशी येऊन (हो, आता कानाशी) सांगितलं, "डावीकडच्या तंबोऱ्याचा पंचम उतरलाय." मला काही कळलं नव्हतं. दोन मिनिटांत गायक मागे वळले, हात लांब करून त्या मुलीच्या तंबोऱ्याचा मणी (तार बारीक जुळवायचा) जरा खाली सरकवला, तार छेडून बघितली, परत थोडा सरकवला, आणि पुढची आवर्तनं सुरू. बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. एवढा तोरा!

म्हणून मी म्हणतेय की सुटं तिकीट काढून एखाद्या मोठ्या महोत्सवाला गेलो असतो तर हे झालंच नसतं. तोच हॉल, तोच साऊंड, दर आठवड्याला, म्हणून कळत गेलं काय बदलायचं ते.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, भाषणं. साडेसहाची वेळ कोणीतरी विचार करून ठेवली असणार, कारण एप्रिल-मेमधे पुण्यात सूर्य सात-सव्वासातच्या आत मावळतो, आणि मारवा, पूरिया धनाश्री, श्री हे राग त्याच वेळेचे. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच, षड्जावरही लवकर टेकत नाहीत, ती जी एक कातर संध्याकाळची भावना असते ती बाहेर खरोखर उजेड जाताना ऐकायची म्हणजे काय चीज आहे. व्हरांड्याकडचे दरवाजे उघडे ठेवले तर झाडामागचं आभाळसुद्धा दिसतं. पण नाही! आधी दीपप्रज्वलन, मग वात विझते, मग परत, मग प्रायोजकांचं मनोगत, मग त्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्याचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो, "जरा इकडे बघा सर". मेच्या पहिल्या शनिवारी हे ७:३५ पर्यंत चाललं. गायक स्वरमंडल मांडीवर घेऊन शांत बसलेले. शेवटी माईक समोर आल्यावर हसून म्हणाले, "पूरिया धनाश्री ठरवलं होतं, पण ती वेळ सत्कारात गेली, आता यमन गातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आयोजकांनीपण वाजवल्या, त्यांना बोलणं लागलं की नाही देव जाणे. पुढच्या शनिवारी परत तेच, फक्त नारळ मोठा.

दुसरी, स्टेजमागची एलईडी स्क्रीन. गायिका डोळे मिटून आलापी करतेय आणि मागे टू बीएचके फ्लॅटची जाहिरात लुकलुकतेय. पहिले चार कार्यक्रम असंच होतं, मग बऱ्याच लोकांनी लेखी दिलं तेव्हा गाणं चालू असताना नुसतं नाव ठेवायला लागले. म्हणजे ऐकतात, पण लेखी दिल्यावर.

तिसरी एसीची. ही तक्रार म्हणू की नाही माहीत नाही कारण मला यातून मजाच फार आली. ग्रीनरूममधे एसी नाही, स्टेजवर मात्र थंडगार झोत, वर लाईटची धग. तबल्याचं चामडं कोरड्या हवेत आवळतं, सूर चढतो, दमट झालं की सैलावतो. तंबोऱ्याच्या तारा उलट, तापल्या की उतरतात. म्हणजे एक वर चाललाय एक खाली, आणि मधे बिचारी पेटी, ती कुठेच जात नाही. मे अखेरीस एका संध्याकाळी बाहेर वळवाचा पाऊस, आत सगळे ओले होऊन आलेले, एसी आधी बंद मग फुल्ल, आणि तबलजींची हातोडी काही खाली राहीना. आम्ही त्या दिवशी पुढे बैठकीवर होतो (बाबा गुडघ्यांना शिव्या देत), त्यामुळे सगळं दोन हातांवर. गजऱ्यावर (तबल्याच्या कडेची चामड्याची वेणी) वरून टक, बोटाने किनारीवर ना, मान वाकडी, परत टक, चढला जास्त, मग खालून उलटा टक. मधे मधे आवर्तन चालू असताना एका हाताने ठेका आणि दुसऱ्या हाताने हातोडी. एकदा तर समेच्या (तालाची पहिली मात्रा) आधीच्या दोन मात्रांत टक करून समेवर बरोब्बर आले. दाद गाण्याला कमी आणि त्यालाच जास्त मिळाली.

साऊंडवाल्या दादांबद्दल एवढंच की आवाज हवा त्यापेक्षा नेहमी दोन घरं जास्त. दोनशे लोकांचा हॉल आहे हो, मैदान नाही. कलाकार हाताने खाली खाली खुणा करतात, ते मान डोलावतात, आणि कमी काहीच होत नाही. मशीन असलेल्यांनी पहिल्या चार रांगा आणि उजवी बाजू विसरा. शिवाय पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, निमंत्रितांच्या, त्या अर्ध्या रिकाम्या असतात आणि मध्यंतरानंतर तिथे फोनवर शूटिंग करणारे येऊन बसतात.

आमच्या मागच्या रांगेत एक काका असायचे, मांडीवर जोरजोरात ताल देणारे. झपताल चालू असताना १० मात्रांत त्यांच्या टाळ्या दर वेळी निराळीकडे. बाबांनी सहाव्या आठवड्यात वळून त्यांना "तिसरी मात्रा, तिसरी" असं सांगितलं. मला वाटलं भांडण होणार. आता दोघं एकमेकांसाठी जागा धरतात.

सकाळचे दोन कार्यक्रम मात्र चुकवू नका, अजिबात. साडेसहाला मोजून साठ माणसं, निमंत्रित कोणी उठत नाहीत त्यामुळे सत्कार नाही, एसी बंद, खिडक्या उघड्या, साऊंडवाले दादा अर्धे झोपेत म्हणून आवाज बेताचा. पहिल्या वेळी तोडी होती. बाहेर झाडावर कोकीळ बसला होता, तो आपला सूर वर वर चढवत न्यायचा आणि गायक एका ठिकाणी थांबून त्याला जाऊ द्यायचे, मग पुढे. दोन तास झाले, भैरवी न घेता जौनपुरीवर संपवलं. बाबांनी एक शब्द काढला नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "इडली खाऊ या, पण कोकमाएवढं तिखट सांबार नको." कोकमाचा संदर्भ कॅन्टीनचा आहे. तिथल्या कोकम सरबतात मिरची घालतात की काय देव जाणे. साबुदाणा वडा उत्तम, पण मध्यंतर सुरू झाल्यावर पाच मिनिटांत संपतो. पन्हं ठीक.

पार्किंग. दुचाकीला जागा पंधरा-वीस, तीसुद्धा सहाच्या आधी. चारचाकी आणूच नका, गल्लीतले लोक आधीच वैतागलेत आणि त्यांचं चूक नाही. आम्ही तीन वेळा गाडीचा खेळ केला आणि मग मेट्रोने जायला लागलो. स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून चालत दहा मिनिटं, बाबांच्या चालीने पंधरा. फूटपाथ मात्र अर्धा खणलेला, काठी न्या. येताना रिक्षा मिळते पण मीटरचं नाव काढायचं नाही.

हिशोब सांगते. १२ पैकी ११ झाले, एक कलाकार आजारी म्हणून दुपारी चारला मेसेज करून रद्द केला, आणि पैसे परत नाहीत, "पुढच्या वर्षी ॲडजस्ट करू" म्हणाले. आम्ही ९ ला गेलो. दोघांचे ४२०० म्हणजे माणशी एका मैफलीला २३३ रुपये पडले, सुटं तिकीट ३०० होतं. पैशांत फार काही वाचत नाही, तीन जास्त चुकल्या असत्या तर सुटंच बरं पडलं असतं. सगळ्या मैफली सारख्या पण नाहीत, दोन चक्क कंटाळवाण्या होत्या, एक फ्यूजन का ठेवलं होतं कळलं नाही.

पुढच्या वर्षीचा पास घेणार आहे. ऑफिसमधे जाऊन सहावी रांग, भिंतीपासून तिसरी आणि चौथी खुर्ची नावावर लिहून ठेवता येईल का विचारलं, तर म्हणाले खुर्च्या राखून ठेवायची पद्धत नाही. लेखी अर्ज देऊन आलेय.